भात वाढला

अन्वी आणि ईशान,

गेल्या महिन्यात मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, "दुकान वाढवलं बरं का." त्यांनी ते तुमच्या कानावर घातलं आणि थोड्याच वेळात मेलबर्नहून अन्वीचा संदेश आला : 'अभिनंदन आजी! आता आणखी माणसं ठेवणार का?' खाली फुगे, फटाके आणि एक नाचणारा हत्ती. मी तो हत्ती यमुनाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "नाचू द्या बिचाऱ्याले. कोनाले तं आनंद झाला."

दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. आपल्या भाषेत काही गोष्टी संपत नाहीत, कारण त्या संपल्या असं तोंडानं म्हणायला आपण कचरतो. डब्यातले तांदूळ संपले तर ते 'वाढले'. मीठ वाढलं, कुंकू वाढलं. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली. ताटात अन्न घालायचं तेही वाढायचंच, आणि लहानपणी तुम्ही दोघं दर वर्षी इंचाइंचानं मोठे होत होतात, तेही वाढणंच. मोबाइलवरून भाषा शिकवणाऱ्या तुमच्या त्या घुबडाला हे झेपायचं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. या एका शब्दानं अड्याळ गावच्या एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, जन्मभर मराठी बोलणाऱ्या माणसांची गाळण उडवली होती. ते पुढे सांगतेच.

आत्ताच का लिहायला बसले, तर दोन कारणं आहेत. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. मी म्हटलं, लिहीन, पण नातवंडांना उद्देशून लिहीन. अनोळखी वाचकांसाठी लिहू लागले की माझी भाषा इस्त्री केलेल्या साडीसारखी होते, बसता येत नाही तिच्यात. दुसरं कारण अन्वीचं. ती तिच्या मित्राच्या आईवडिलांना जेवायला बोलावते आहे आणि तिनं विचारलं आहे, 'आजी, आठ माणसांना भात किती लावायचा?' उत्तर एका ओळीचं आहे. पण ती ओळ माझ्या हाताला बसायला बरीच वर्षं लागली, तेव्हा तुम्हीही जरा थांबा.

मी नेमकं काय काम करत होते हे तुमच्या बाबांना कधी धड सांगता आलं नाही. 'आई केटरिंग करते' असं ते मित्रांना सांगत आणि मी दर वेळी दुरुस्त करत असे. केटरर आपलं स्वयंपाकघर ट्रकमध्ये घालून आणतो. आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात शिरत असू. तुमची चूल, तुमचे भाताचे गंज आणि पराती, तुमच्या सासूबाईंची रीत. कढीत गूळ घालणाऱ्या घरी गूळ घालायचा, न घालणाऱ्या घरी त्याचं नावही काढायचं नाही. पाहुणा उठताना म्हणाला पाहिजे, 'वहिनी, तुमच्या हाताला चव आहे.' वहिनींनी लाजायचं आणि आम्ही मागे खरकटं आवरायचं. आमचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, की काम फत्ते. बारसं, डोहाळजेवण, साक्षगंध, नव्या घरातलं पहिलं जेवण, तेरवी, एवढं आम्ही करत असू. लग्नं घेतली नाहीत. लग्नात लोक जेवायला कमी आणि दिसायला जास्त येतात.

मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे इंग्रजी साहित्य घेऊन पदवी घेतली. अशा मुलीनं दुसऱ्याच्या कढईपाशी उभं राहावं याचं माझ्या वडिलांना वाईट वाटे. मला कधी वाटलं नाही. निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो तसा पंगतीलाही लागतो. फरक इतकाच की निबंधातली चूक आठवड्यानं तपासून येते आणि पंगतीतली समोर बसलेली असते.

तुमचे आजोबा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. देशभरातली माणसं त्या वसाहतीत. गावाकडून कुणाचे सासूसासरे आले, साहेबाला जेवायला बोलवायचं ठरलं, की शेजारणी घाबऱ्या होऊन माझ्याकडे यायच्या. मी आधी यादी करून द्यायची, मग मदतीला जायची, मग पदर खोचूनच जायची. असा माझा धंदा सुरू झाला. कुठे पाटी नाही, कुठे नारळ फोडला नाही.

यमुनाबाई त्यानंतर आल्या. भंडाऱ्यात त्या लंबी रोटी करून देत. तुम्ही ती दोन वेळा खाल्ली आहे, पण होताना पाहिलेली नाही. चांगल्या गव्हाची कणीक पाणी लावून लावून इतकी सैल करायची की ती हातातून ओघळते. मग तो गोळा या तळहातावरून त्या तळहातावर, तिथून कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा आणि रुमालासारखा पातळ झाला की चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्यावर फेकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. मी हे शिकायचा प्रयत्न केला. माझी रोटी एकदा मडक्यावर पडण्याऐवजी कुत्र्यावर पडली. यमुनाबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमी यादीच करा."

त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली होती. घर बौद्ध, बोलणं सरळ. माझ्याबरोबर यायला तयार झाल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली : "चूल एका आंगनात लागन. माही चूल कोनी मांगं, अलग मांडाले सांगितली, तं मी चाललो." (आमच्याकडे बायकाही 'मी चाललो' म्हणतात. व्याकरण तपासू नका.) मला ती अट कळली. मी म्हटलं, "तुम्ही चाललात तर मीही चालले." आमचा करारनामा म्हणतात तो एवढाच. कुठल्या घरानं आडून सुचवलं की रोटीची चूल जरा पलीकडे असली तर बरं, की मी सुचवणाऱ्या बाईंना अत्यंत शुद्ध मराठीत सांगत असे की आमची चूल विभागून मिळत नाही. शुद्ध मराठीचा आमच्या भागात धाक असतो. तिचा मी असाच उपयोग केला.

शब्दांनी आमची फजिती केली ती पहिल्याच वर्षी. शेजारच्या तेलुगू बाईंकडे साहेब मंडळी यायची होती. इडल्या त्या स्वतः करणार होत्या. त्यांनी यमुनाबाईंना हिंदीत विचारलं, "सांबार आप देख लेंगी?" यमुनाबाई म्हणाल्या, "देख लेंगे." आणि त्यांनी पाहिलंच. बाजारातून पोतंभर कोथिंबीर आणली, निवडली, धुतली, फडक्यावर पसरून वाळवली. कारण आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडल्या वाफाळत होत्या आणि शेजारी कोथिंबिरीचा हिरवागार डोंगर. बाई रडायच्या बेतात. यमुनाबाई मला विचारतात, "इतका सांबार कायले लागते वो ह्यायले?" मी डोंगराकडे पाहिलं आणि बेसन मळायला घेतलं. त्या दिवशी साहेबांनी इडल्या चटणीशी खाल्ल्या आणि सांबारवड्या मागून मागून खाल्ल्या. त्या बाई बदली होऊन गेल्या तरी अजून दिवाळीला फोन करतात आणि पहिला प्रश्न असतो, "कौनसा सांबार बना रही हैं?"

आंबागडची गोष्ट वेगळी. तिथल्या, वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नवं घर बांधलं होतं. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलानं आम्हांला बजावलं, "मावशी, बुफे हवा. पंगत नको, फार वेळ जातो." मी टेबलं मांडली, त्यांवर पांढरे कपडे अंथरले. गावकरी आले, ताटं घेतली, संकोचानं चमचा चमचा घेतलं आणि सरळ जाऊन अंगणाच्या भिंतीशी रांगेनं मांडी घालून बसले. ताट समोर, हात मांडीवर. कुणी घास घेईना. मुलगा धावला, "काका, सुरू करा ना."

एक म्हातारे म्हणाले, "काहून गा, वाढाले कोनी येते का नाई?"

"काका, यात स्वतः घ्यायचं असतं."

"घेतलं ना गा. आता वाढा."

मी टेबलावरचा भात बादलीत काढला, यमुनाबाईंनी भाजीचं भांडं घेतलं आणि आम्ही रांगेत शिरलो. मुलगाही थोड्या वेळानं वरणाचं भांडं घेऊन आला. त्याला वाकून वाढता येत नव्हतं, तरी वाढत होता. आपल्या हातानं घेतलं ते पोट भरायला आणि दुसऱ्यानं वाढलं तो मान, हा हिशेब आमच्या भागात पक्का आहे. अन्वी, तू तुझ्या पाहुण्यांना 'घ्या ना' म्हणून मोकळी होशील. तिथली रीत असेल तशी कर. पण निदान पहिली वाढणी तुझ्या हातची असू दे.

आता अड्याळ.

नामदेवराव तिथले धानाचे शेतकरी. त्यांच्या बांधीत चिन्नोर पिकतो. हा आमचा बारीक, सुवासिक तांदूळ. शिजायला लागला की शेजारच्या घराला कळतं. नामदेवरावांना दुसरा कसला गर्व नव्हता, पण भाताचा होता. त्यांची मुलगी पल्लवी हिचं साक्षगंध ठरलं. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात. नामदेवराव मला घरी येऊन म्हणाले, "म्याडम, भाजी कशीबी झाली तं चालन. भात माह्या घरचा हाय, थो खाऊन व्याही उठला नाई पाह्यजे."

आदल्या दिवशी आम्ही जागा पाहायला गेलो. घरात नामदेवरावांची म्हातारी आत्या होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. तिनं यमुनाबाईंचं मडकं पाहिलं, यमुनाबाईंना पाहिलं आणि मला म्हणाली, "रोटीची चूल गोठ्याच्या मांगं लावा. धूर होते."

यमुनाबाई माझ्याकडे न पाहता मडकं पुन्हा पोत्यात घालू लागल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, धूर भाताच्या चुलीचाही होतो. दोन्ही चुली समोरच्या अंगणात लागतील, नाहीतर एकही लागणार नाही."

पल्लवीची आई सुमनबाई पटकन म्हणाली, "समोरच लावा, समोरच लावा." मडकं पोत्यातून बाहेर आलं.

गावाला आवतण होतं ते घरटी एका माणसाचं. म्हणजे प्रत्येक घरातून एक जण जेवायला येणार, बाकीचे आपापल्या घरी रांधून खाणार. पाहुण्यांकडून जितकी माणसं सांगितली होती त्यांचा अंदाज धरून, वर थोडा हात सैल सोडून मी तांदूळ मोजून दिला. दुपारी पहिली पंगत बसली. मुलाचे काका, मामा, वडीलधारे. चिन्नोरचा वास, वर तूप, डाळीचे तिखट कढीगोळे. माणसं ज्या तऱ्हेनं जेवली ते पाहून नामदेवराव मांडवाच्या खांबाला धरून नुसते हसत उभे होते.

पहिली पंगत उठत असतानाच रस्त्यावर एक भाड्याची बस थांबली. मुलानं 'दोन-चार दोस्त येतील' असं सांगितलं होतं. ते दोन-चार दोस्त बसमध्ये मावत नव्हते, काही उभे होते.

त्याच वेळी अंगणात सुमनबाईंनी भाताच्या गंजात भात काढायचा सराटा घातला आणि तो बुडाला लागला. बुडाशी धरलेली थोडी खरपुडी तेवढी राहिली होती. आता बघा, सुमनबाई चांगल्या घरची बाई. मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी 'भात संपला' हे शब्द तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तिनं दिराला हाक मारली आणि हळूच सांगितलं, "भाऊजी, त्यायले जाऊन सांगा, भात वाढला."

भाऊजींनी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मांडवात जाऊन व्याह्यांशेजारी उभ्या असलेल्या नामदेवरावांना ते म्हणाले, "दादा, भात वाढला."

आणि नामदेवराव, ज्यांचं सगळं लक्ष त्या दिवशी पानांवर होतं, त्यांनी त्याचा अर्थ घेतला की पानं वाढून झाली. ते तसेच रस्त्यावर गेले, दोन्ही हात जोडले आणि अख्ख्या बसला म्हणाले, "या, या. हातपाय धुवा अन् बसा. भात वाढला."

मी मांडवात आले तेव्हा दुसरी पंगत बसलेली होती. पत्रावळ्या समोर, पाणी वाढलेलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, "सकाळपासून काही खाल्लं नाही, आता नामदेवकाकांचा चिन्नोर."

नामदेवरावांना मी आत बोलावलं. सुमनबाईंनी गंज तिरका करून दाखवला. ते म्हणाले, "हे काय?"

"सांगितलं ना तुमाले, भात वाढला म्हनून."

"म्हनून तं बसवलं मी त्यायले."

मग सुमनबाई पायरीवर बसली. ती रडली नाही. म्हणाली, "धानवाल्याच्या घरी भात पुरला नाई. माही पोट्टी हे त्या घरी जलमभर आयकन. मीठ जास्त पडलं तरी आयकन, लेकरू रडलं तरी आयकन." आतल्या दारात पल्लवी उभी होती. तिनं ते ऐकलं.

अशा वेळी माझं डोकं शांत होतं. हा माझा गुण नाही, सवय आहे. नवा भात चढवून तो शिजेपर्यंत उपाशी पंगत थांबणार नव्हती. पण गावात घरटी एकच माणूस जेवायला आला होता, म्हणजे बाकी सगळ्या घरांत दुपारचा भात रांधलेला होता. मी सुमनबाईंना म्हटलं, "तुमच्या जावांना आणि शेजारणींना मागच्या दारानं पाठवा. ज्या घरी जेवढा भात असेल तेवढा, झाकून." यमुनाबाईंना म्हटलं, "पंगत लांबवायची आहे."

"किती?"

"होईल तितकी."

यमुनाबाईंनी पदर घट्ट केला. त्यांचं मडकं समोरच्या अंगणात होतं, पंगतीच्या अगदी डोळ्यांसमोर. गोठ्याच्या मागे असतं तर त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नसता. त्यांनी कणकेचा गोळा उचलला आणि एरवी कधी करत नाहीत असा तो हवेत झुलवला. पोरं बघायला लागली. एकानं मोबाइल काढला, मग सगळ्यांनीच काढले. "मावशी, पुन्हा एकदा!" मावशी म्हणाल्या, "पयले पयली खा, मंग दुसरीचा फोटो काढा." रोटी मडक्यावरून निघे ती थेट पानात. भाजी, वांग्याचं भरीत, कढी यांच्या फेऱ्या मी मुद्दाम सावकाश घालत होते. प्रत्येकाला विचारत होते, कुठलं गाव, आई काय करते, भरीत तिखट तर नाही ना. इंग्रजी शिक्षणाचा आणखी एक फायदा : बिनकामाचं बोलणं शिस्तीत करता येतं.

मागच्या दारानं भात येत होता. गंजात, पातेल्यात, डब्यात, एका घरून तर कुकरसकट. तो ओतला तेव्हा परातीत जो दिसला तो बघून सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. कुणाचा पांढरा, कुणाचा जाडा, कुणाचा लालसर. एक गरम, एक निवलेला. यमुनाबाईंची मावसबहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, तिचाही भरलेला गंज आला. सुमनबाई म्हणाली, "पाहुन्याले चिन्नोर सांगितला वो. याच्यात एक दाना चिन्नोर नाई."

"आहे," मी म्हटलं. बुडाची खरपुडी खरवडून मी त्यात घातली. "आता आहे."

मोठ्या कढईत तेल तापत ठेवलं. लसूण, सुक्या मिरच्या, जिरं, हळद. उरलेले कढीतले गोळे कुस्करले. वरून सांबार, आमचा सांबार, मूठमूठ.

आत्याबाई इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती परातीकडे बघून म्हणाली, "कोनाकोनाच्या घरचा भात हाय हा?"

सुमनबाई खाली बघत होती. माझ्या हातात उलथनं होतं. तेवढ्यात मडक्यापासून, रोटी झुलवता झुलवता, यमुनाबाईंचा आवाज आला. फार मोठा नाही, फार हळूही नाही.

"फोडनी पडली का भाताची जात कोन इचारते, आत्याबाई?"

धानाच्या मुलखात भाताच्या जाती असतातच. चिन्नोर ही एक जात, लुचई ही एक जात. त्यामुळे बोलणं भाताबद्दलच होतं.

आत्याबाई पायऱ्या उतरून कढईपाशी आली. तिनं परतलेल्या भातातली चार शितं तळहातावर घेतली, तोंडात टाकली, चघळली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. आणि मिठाचा डबा घेऊन तिनं आपल्या हातानं मीठ घातलं.

तो भात मी वाढला, सुमनबाईंनी वाढला, आत्याबाईनंही एक फेरी मारली. बसवाल्या पोरांनी पुन्हा पुन्हा मागितला. मुलाचे काका पहिल्या पंगतीत जेवून विडा चघळत बसले होते, ते वासानं उठून आले आणि म्हणाले, "हे आम्हाला नाही दिलं." त्यांना एका वाटीत दिला. त्यांनी खाल्ला आणि नामदेवरावांना विचारलं, "हा कोनता भात?"

नामदेवरावांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एखादं बरं नाव शोधत होते.

यमुनाबाई म्हणाल्या, "गावभात."

"चिन्नोरचा का?"

"त्यात चिन्नोरही आहे," मी म्हटलं. ते खरं होतं.

पुढची काही वर्षं आम्हांला फोन यायचे, "तुम्ही तो गावभात करता ना?" मी नाही म्हणायची. लोकांना वाटे, मी पाककृती लपवते आहे. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. एका घरच्या तांदळात तो होत नाही, एवढंच. एका बाईंनी फारच आग्रह केला म्हणून किराणा दुकानातून पाच तऱ्हांचे तांदूळ आणून करून पाहिला. बरा झाला होता. यमुनाबाई म्हणाल्या, "ह्या भाताले कोनाच्या घरची ओळख नाई."

मला खंत आहे ती वेगळ्या गोष्टीची. आता साक्षगंधंही सभागृहात होतात, ताटामागे दर ठरतो आणि घरची बाई खुर्चीवर बसते. बसू दे, तिला विश्रांती मिळते. पण पाहुणा कुणाच्या घरी जेवला हे त्याला आठवत नाही, कुठल्या सभागृहात जेवला ते आठवतं. आम्ही दुकान वाढवलं ते मात्र यामुळे नाही. यमुनाबाईंचा खांदा दुखतो, आणि खांद्याशिवाय लंबी रोटी होत नाही. रोटीशिवाय मी एकटीनं जायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरलेलं होतं.

आमचं शेवटचं काम पल्लवीकडे झालं, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, तिच्या मुलीच्या वाढदिवसाचं. सुमनबाई आली होती. जेवणं झाल्यावर आम्ही बायका मागच्या ओट्यावर बसलो. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं. पल्लवीकडे वळून म्हटलं, "का गं, तुला कधी कुणी त्या भातावरून काही बोललं?"

पल्लवी काही म्हणायच्या आत तिच्या सासूबाई म्हणाल्या, "कोन्या भातावरून? त्या लाल शितावाल्या?"

सुमनबाईंच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला.

"आमाले त्याच दिवशी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "चिन्नोरात लाल शित कुठून आलं? अन् तुमच्या मांगच्या दारानं बाया झाकून काय नेऊन राहिल्या, ते मी संडासाकडं गेलो तेव्हा पाह्यलं. पण बसभर पोट्टे न सांगता आनले कोनी? आमीच. मंग कोन्या तोंडानं बोलावं? घरी गेल्यावर मी सगळ्यायले सांगून ठेवलं, ह्या गोष्टीतला 'भ' बी काढाचा नाई या पोरीसमोर."

सुमनबाईंनी पानाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "मले सांगाचं तं होतं वो. मी इतकी वर्षं झोपलो नाई धड."

"तुमी विचारलं नाई," सासूबाई म्हणाल्या. "अन् तुमाले वाटून राहिलं होतं आमाले कळलं नाई, ते बरं वाटत होतं मले."

यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांचा खांदा दुखायला लागला.

तेव्हा अन्वी, तुझं उत्तर. माणशी एक मूठ तांदूळ, आणि न सांगता येणाऱ्या बसची एक मूठ वेगळी. तरीही कमी पडलाच तर घाबरू नकोस. शेजारी असतात. आणि पाहुणे चांगले असतील तर त्यांना कळेल आणि ते बोलणार नाहीत. मित्राच्या आईवडिलांची तेवढी परीक्षा तुला फुकटात घेता येईल.

आमच्याकडे आता काय राहिलं आहे, ते सांगून थांबते. नामदेवरावांकडून चिन्नोर दर हंगामाला येतो. पल्लवीनं ठरवलं आहे, आता दर वर्षी लेकीच्या वाढदिवसाला शेजारच्या क्वार्टरांमधून भात मागून आणायचा आणि फोडणी द्यायची. यमुनाबाई रविवारी जेवायला येतात. भात मी करते, मीठ त्या बघतात. त्यांचं मडकं आमच्या मागच्या ओसरीत उलटं ठेवलेलं आहे. त्याला अजून तडा गेलेला नाही.